फाटक्या कागदाची चित्रे



न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात वसंत ऋतूत व्याख्याने देण्याची प्रथा सुरू झाली आणि पुढे ती गावोगावी पसरली. तेव्हापासून अशा व्यासपीठांवर गीता झाली, ज्ञानेश्वरी झाली, देशाचे अर्थकारण झाले, हिमालयाचा प्रवास झाला. त्या पंक्तीला आम्ही आज कागदाचे कपटे घेऊन बसलो आहोत. चिटणिसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही 'लहान मुले आणि फाटक्या कागदाची चित्रे' असे लिहून दिले होते. दुसऱ्या दिवशी चौकातल्या फळ्यावर पाहतो तो 'लहान मुले आणि कागदाची चित्रे' एवढेच उरलेले. चौकशी केली तेव्हा चिटणीस संकोचून म्हणाले, "फाटक्या हा शब्द फळ्यावर बरा दिसत नाही हो."

चिटणिसांवर आमचा राग नाही. त्यांनी जे केले तेच आपण सारे घरोघर करीत असतो. मूल कागद फाडते, ते आपल्याला बरे दिसत नाही, आणि आपण तो कागद त्याच्या हातून काढून घेतो. आजचे सगळे बोलणे या काढून घेण्याविषयी आहे.

आमच्या बालवाडीच्या पहिल्याच वर्षी एक आजोबा संतापून दाराशी आले. हातात पंचांग होते आणि त्याचे मधले पान गेलेले होते. म्हणाले, "ताई, तुम्ही पोरांना कागद फाडायला शिकवता म्हणे! आमच्या नातवाने आषाढी एकादशीच फाडून नेली. आता उपास कधी धरायचा?" आम्ही हसलो नाही, कारण त्यांचे म्हणणे खरे होते. आपल्याकडे कागदाला पाय लागला तर आपण वाकून नमस्कार करतो. दसऱ्याला पुस्तकांची पूजा मांडतो. ज्या घरात कागद म्हणजे सरस्वती, त्या घरात कागद फाडणे हा अपराध ठरणार, यात नवल ते काय? आणि इथे तर खुद्द शिक्षिकाच मुलांना कागद फाडायला देते!

आम्ही आजोबांना आत बोलावून एक टोपली दाखवली. साधी बांबूची टोपली. तिच्यात रद्दी, जुन्या वह्यांचे पुठ्ठे, पतंगाचे उरलेले कागद. आम्ही म्हटले, "आजोबा, चूक आमची. या टोपलीतले फाडायचे आणि बाहेरचे फाडायचे नाही, हे आम्ही त्याला आधी सांगायला हवे होते." ती टोपली त्या दिवसापासून आमच्या वर्गातली महत्त्वाची वस्तू झाली. तीन वर्षांच्या मुलाला 'फाडू नकोस' एवढेच सांगितले तर ते फाडायचे थांबत नाही, लपून फाडते. 'हे फाड, ते सांभाळ' असे सांगितले, की थोड्याच दिवसांत पुस्तक कोणते आणि रद्दी कोणती हे त्याला कळू लागते. महिन्याभराने आजोबा पुन्हा आले, ते घरची रद्दी घेऊन. "नातू म्हणतो, हे टोपलीचं आहे," असे सांगून गठ्ठा ठेवून गेले. पंचांगाचा सन्मान त्या घरात कमी झाला नव्हता, उलट तो आता नातवालाही कळू लागला होता.

आता कागद फाडण्यात शिकण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारील. श्रोतेहो, आपण घरी गेल्यावर एक प्रयोग करून पाहा. आजचे वर्तमानपत्र घ्या. त्याचे पान वरून खाली, रकान्याच्या दिशेने फाडा. बहुधा ते सरळ पट्टीसारखे फाटेल. आता तेच पान आडवे फाडा. कितीही सांभाळले तरी ते वाकडेतिकडे जाईल. याचे कारण कारखान्यात आहे. यंत्रावर कागद होतो तेव्हा लगदा धावत्या जाळीवर पसरतो आणि त्यातले तंतू बरेचसे जाळीच्या धावेच्या दिशेने निजतात. त्या दिशेने कागद सहज फाटतो. आडवा फाडू गेले की तंतूंशी झगडावे लागते. पूर्वी आपल्या जुन्नरला जसा हातकागद होत असे तशा कागदात ही दिशा नसते, कारण साचा हाताने हलवला की तंतू चहूकडे पसरतात. ही गोष्ट आम्हांला एका पुस्तकात सापडली, परंतु त्याआधी ती एका साडेचार वर्षांच्या मुलाने सांगितली होती. तो म्हणाला, "ताई, पेपर असा ऐकतो आणि असा ऐकत नाही."

कागद ऐकतो आणि ऐकत नाही! आम्हांला तर हा पदार्थविज्ञानाचा पहिला धडा वाटला. आणि तो त्याला बोटांनी कळला होता.

बोटांची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. कागद फाडताना दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या एकमेकांजवळ यावे लागतात आणि मग एक हात पुढे, एक मागे, असे उलट दिशांना न्यावे लागतात. मोठ्यांना हे विनासायास जमते. अडीच वर्षांचे मूल मात्र आधी कागद दोन्ही मुठींत धरून नुसता ओढते. कागद फाटत नाही. मूल रडकुंडीला येते. मग आम्ही कडेला बोटभर चीर पाडून देतो. ती चीर धरून कागद फाटला, तो चर्रर्र आवाज झाला, की मुलाचा चेहरा पाहावा! आपल्या हाताने जगात काहीतरी बदलले, हे त्याला कळलेले असते. कात्री यानंतरची. बहुतेक मुलांना कात्री नीट चालवायला तीन-चार वर्षांचे व्हावे लागते, आणि ज्यांनी आधी पुष्कळ फाडले आहे त्यांच्या हाती ती लवकर रुळते असा आमचा अनुभव आहे. आज पुष्कळ घरांत बाळाचे बोट कागदाआधी मोबाइलच्या काचेवरून फिरू लागते. काच गुळगुळीत असते. ती कधी विरोध करीत नाही आणि तिच्यावर काही उरतही नाही. म्हणून बोटांना कागदाचा हा विरोध आज अधिकच हवा आहे.

ही कल्पना आमची नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. जर्मनीत फ्रोबेल यांनी १८३७ साली लहान मुलांसाठी संस्था काढली आणि पुढे तिला बालोद्यान, किंडरगार्टन, असे नाव दिले. त्यांच्या उद्योगांत कागदाच्या घड्या, कागदाचे विणकाम, कातरकाम हे सारे होते. मात्र तिथे भूमितीचा दरारा फार. चौकोन म्हणजे चौकोनच हवा. पुढे १८९७ साली व्हिएन्नात फ्रान्झ चिझेक यांनी मुलांचा चित्रवर्ग सुरू केला आणि मुलांची कला ही मोठ्यांच्या कलेची कच्ची नक्कल नसून ती स्वतंत्र आहे, हा विचार मांडला. आपल्याकडे गिजुभाई बधेका यांनी वकिली सोडून १९२० साली भावनगरला बालमंदिर काढले. ताराबाई मोडक त्यांना जाऊन मिळाल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ साली ताराबाई बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आदिवासी मुलांसाठी काम उभे केले. महागडी परदेशी साधने परवडत नाहीत म्हणून त्यांनी पाने, बिया, खडे, शिंपले हीच साधने केली. आमची रद्दीची टोपली त्याच घराण्यातली आहे.

मोठ्या चित्रकारांनीही कागद चिकटवला आहे. १९१२ साली पिकासो आणि ब्राक यांनी चित्रफलकावर कागदाचे आणि मेणकापडाचे तुकडे डकवले आणि कोलाज हा शब्द कलेत रूढ झाला. फ्रेंच भाषेत त्याचा अर्थ 'चिकटवणे', एवढाच. परंतु आम्हांला अधिक जवळचा वाटतो तो जपानचा कियोशी यामाशिता. जपानात कागद फाडून चित्र करण्याची जुनी रीत आहे, तिला 'चिगिरी-ए' म्हणतात. कियोशीचा जन्म १९२२ चा. बोलण्यात अडखळणारा, शाळेत मागे पडणारा मुलगा. बाराव्या वर्षी त्याला टोकियोजवळच्या एका संस्थेत ठेवले. तिथे त्याला कागद फाडून चिकटवण्याचा उद्योग मिळाला. या मुलाने पुढे जपानभर पायी भटकंती केली आणि परत येऊन, पाहिलेली दृश्ये आठवणीतून कागदाच्या बारीक कपट्यांनी उभी केली. नागाओका गावच्या नदीवरील आतषबाजीचे त्याचे १९५० चे चित्र जगप्रसिद्ध आहे. आणि आपल्या शांतिनिकेतनचे विनोदबिहारी मुखर्जी! पन्नाशीच्या उंबरठ्यापलीकडे त्यांची दृष्टी पूर्ण गेली. त्यानंतर त्यांनी रंगीत कागदांचे आकार बोटांनी चाचपून चिकटचित्रे केली. ज्या माध्यमाने अंध झालेल्या कलावंताला हात दिला, ते माध्यम क्षुल्लक कसे म्हणावे?

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. इथे आलेल्या आया आणि आज्या मघापासून त्याचीच वाट पाहत असतील.

प्रथम कागद. घोटीव कागदाला रंग एकाच बाजूला, वरच्या थरापुरता असतो. म्हणून तो फाडला की कडेला पांढरी किनार येते. मुलांना ती फार आवडते. आमच्याकडे तिला 'साय' म्हणतात. पतंगाचा कागद आरपार रंगीत आणि झिरझिरीत. निळ्यावर पिवळा चिकटवला की हिरवा दिसतो, आणि तो शोध प्रत्येक मूल नव्याने लावते. तो आपण आधी सांगून टाकू नये. खाकी कागद झाडाच्या खोडाला आणि मातीला छान. वर्तमानपत्राचा करडा रंग पावसाच्या ढगाला. लग्नपत्रिकांचा कागद जाड, तो पाच वर्षांच्या पुढच्यांना. प्लॅस्टिकचा मुलामा असलेला चकचकीत कागद मात्र टोपलीत नको, त्याला खळ धरत नाही. खाली आधाराला जुन्या कॅलेंडरची पाठकोरी पाने उत्तम.

मग खळ. एक वाटी मैदा वाटीभर गार पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवावा, त्यात आणखी तीन वाट्या पाणी घालावे, आणि मंद आचेवर ढवळत राहावे. पांढरा रंग जाऊन ती काचेसारखी दिसू लागली की उतरवावी. बाइंडर लोक कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. मुलांच्या खळीत ते कदापि घालू नये, ते विषारी असते आणि मुलांची बोटे तोंडात जातातच. उन्हाळ्यात खळ दुसऱ्या दिवशी आंबते, म्हणून थोडीच करावी. लहान मुलांना तुकड्याला खळ लावायला सांगू नये, तुकडा बोटालाच चिकटतो. खालच्या कागदावर बोटाने खळ फासावी आणि वर तुकडे दाबावेत. शेजारी एक ओले फडके ठेवले की निम्मी भांडणे मिटतात. चित्र वाळताना गुंडाळू लागते. ते पुरते वाळायच्या आत वर एक कोरा कागद घालून पाटाखाली ठेवावे.

वयाप्रमाणे अपेक्षा ठेवावी. दोन-अडीच वर्षांचे मूल फक्त फाडील, चुरगळील, डब्यात भरील आणि ओतील. त्याच्याजवळ मोठ्या माणसाने बसावे, कारण कपटा तोंडात जातो. तिसऱ्या वर्षी ते चिकटवू लागते, पण सारे तुकडे एकाच जागी, एकावर एक. त्याला चित्र करायचेच नसते, त्याला चिकटते कसे ते पाहायचे असते. चौथ्या वर्षाच्या आसपास आधी तुकडा फाटतो आणि मग त्याला नाव मिळते: "हे बघा, बदक झालं!" पाचव्या वर्षी 'मी आता बदक करणार' असे आधी ठरते आणि मग कागद उचलला जातो. आधी हात आणि मागून विचार, इथून निघून आधी विचार आणि मागून हात, इथवरचा हा प्रवास आहे. तो ज्याच्या त्याच्या चालीने होतो. कोणाला सहा महिने उशीर झाला म्हणून घाबरू नये.

आता जे सांगणार आहोत ते सांगावे की नाही, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. परंतु ते न सांगता खाली बसलो तर हे व्याख्यान अर्धवट राहील.

काही वर्षांपूर्वी आमच्या बालवाडीचे स्नेहसंमेलन होते. मोठे पाहुणे येणार होते. मुलांची चित्रे भिंतीवर लावायची होती. आदल्या रात्री आम्ही ती काढून पाहू लागलो आणि आम्हांला लाज वाटू लागली. घरांना दारे नव्हती. सूर्य झाडाखाली होता. एका साडेचार वर्षांच्या मुलीने हत्ती केला होता. करडे अंग, चार पाय, आणि सोंड मात्र वितभर दूर, कागदाच्या दुसऱ्या कोपऱ्यात. आम्ही कात्री काढली. रात्री अकरापर्यंत बसून कडा सरळ केल्या, दारे बसवली, सूर्य वर नेला. हत्तीची सोंड काढून हत्तीला लावली. सकाळी भिंत अशी सुरेख दिसत होती म्हणून सांगू! पाहुण्यांनी मुक्तकंठाने स्तुती केली.

ती मुलगी आईचे बोट धरून आली. आपले नाव लिहिलेल्या चित्रासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "हे माझं नाही."

आई म्हणाली, "अगं, असं काय करतेस? तुझाच हत्ती आहे. बघ किती छान दिसतोय."

"माझ्या हत्तीची सोंड ऊस आणायला गेली होती," ती म्हणाली. "हा ताईंचा हत्ती आहे."

लग्नाच्या वरातीत का जत्रेत तिने हत्ती पाहिला होता. त्याची सोंड पुढे, लांब, उसाच्या मोळीपर्यंत जाते, ही तिला त्या प्राण्यातली सर्वांत मोठी गोष्ट वाटली होती, आणि तीच तिने कागदावर मांडली होती. आम्ही ती पुसून टाकली आणि त्या जागी पाठ्यपुस्तकातला हत्ती उभा केला.

तेवढ्यावर भागले असते तरी बरे होते. पुढच्या सोमवारी कागदांची टोपली निघाली तेव्हा त्या मुलीने आपल्या वाट्याचा कागद उचलून आमच्यापुढे ठेवला. "ताई, तुम्हीच फाडा. तुम्हांला छान येतं." दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. श्रोतेहो, मुले हट्ट करतात तेव्हा आपण त्रासतो. पण चार वर्षांचे मूल हट्ट सोडून शहाण्यासारखे 'तुम्हीच करा' म्हणू लागते, त्या वेळी आपली झोप उडायला हवी. आमची उडाली होती.

आम्ही तिची समजूत घातली नाही. काय समजूत घालणार? आम्ही तिची क्षमा मागितली, एवढेच, आणि रोज तिच्या शेजारी बसून आपले आपण कागद फाडू लागलो. मुद्दाम नव्हे, खरोखरच आम्हांला वाकडे फाडता येत नव्हते. इतक्या वर्षांत कात्रीची सवय झालेली. आठव्या दिवशी तिने आमच्या हातांकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, "असं नाही. द्या इकडे." तिने आमचा कागद घेतला आणि फाडून दाखवला. त्या दिवशी तिने काय केले ते ओळखू आले नाही, आणि आम्ही विचारलेही नाही. ते जसेच्या तसे भिंतीवर लावले.

तेव्हापासून आमच्याकडे दोन नियम आहेत. मुलाच्या चित्राला मोठ्यांची कात्री लागायची नाही. आणि चित्र लावायचे ते मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, पाहुण्यांच्या नव्हे. पाहुण्यांना वाकावे लागते. लागू द्या.

आपणां नागरिकांकडे आमचे मागणे थोडेच आहे. मुलाने चित्र दाखवले की 'हे काय आहे?' असे दरडावून विचारू नका. 'मला सांग ना याच्याविषयी' असे म्हणून पाहा, आणि मग ऐका. लहानांच्या चित्रस्पर्धा भरवून त्यांत नंबर काढू नका. सोंड जागेवर असलेल्याला पहिला नंबर मिळतो आणि ऊस आणायला गेलेली सोंड कायमची परत येते. 'याचे पुढे शाळेत गुण किती?' असे पालक विचारतात. त्यांना आम्ही खोटे आश्वासन देत नाही. यातून सारे चित्रकार होणार नाहीत. बोटांत बळ येईल, नजर शिकेल, आणि आपल्या हाताने केलेले आपले असते हे त्याला माहीत असेल.

एक शेवटची गोष्ट. लिओ लिओनी नावाचे एक चित्रकार आपल्या दोन नातवंडांना घेऊन आगगाडीने चालले होते. मुले कंटाळून दंगा करू लागली. आजोबांनी जवळच्या मासिकाची पाने फाडून निळे आणि पिवळे तुकडे केले आणि हातातल्या बॅगेवर ठेवून एक गोष्ट रचली: निळा आणि पिवळा मित्र असतात, एकमेकांना मिठी मारतात आणि हिरवे होतात. ती गोष्ट १९५९ साली पुस्तकरूपाने निघाली आणि जगभरच्या मुलांनी ती वाचली. त्या आजोबांजवळ साधन काय होते? वाचून झालेले एक मासिक.

आपल्या प्रत्येकाच्या घरी उद्या सकाळी वर्तमानपत्र येईल. वाचून झाले की त्यातले एक पान बाजूला ठेवा. नातवंडाला हाक मारा, जमिनीवर बसा, आणि कडेला बोटभर चीर पाडून द्या. पुढचे त्याचे तो बघेल.

 चिटणिसांना एवढीच विनंती, की व्याख्यानांचे पुस्तक निघेल तेव्हा त्यात 'फाटक्या' हा शब्द राहू द्यावा.